एका खड्ड्याभोवती अनेक शास्त्रं: डेक्कन कॉलेजचं संशोधन

(दृश्य: येरवड्याचा झाडीचा परिसर, उंच दगडी इमारत. मग एकदम जवळून: टेबलावर हाडांचे तुकडे.)

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकडीत गेंड्याच्या खांद्याचं एक हाड सापडलं. आज त्या भागात कुणाला गेंडा सांगितला तर तो हसेल. पण हाड गेंड्याचंच आहे, आणि त्यावर बारीक बारीक खळगे आहेत. ते जनावराच्या दातांचे नाहीत. कुणीतरी या हाडाची ऐरण केली होती. त्यावर गारेचे तुकडे ठेवून नखाएवढी दगडी हत्यारं घडवली होती.

आता बघा, एवढं सांगायला किती माणसं लागली. हाड कोणत्या प्राण्याचं, हे प्राणिशास्त्र जाणणाऱ्यानं ओळखलं. वाळू कशी साचली, तेव्हा पाऊसपाणी कसं होतं, हे भूविज्ञानानं सांगितलं. खळग्यांचा अर्थ हत्यारांच्या अभ्यासकाला लागला. आणि त्याच टेकडीत जी माणसं पुरलेली होती, त्यांच्या कवट्या मोजायला पुण्याहून इरावती कर्वे गेल्या होत्या.

सोबत होते पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया. दोघंही डेक्कन कॉलेजचे. लांघणजवरचा दोघांचा लेख १९४९ साली ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये छापून आला.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. विश्रामबागवाडा, मग येरवडा.)

कॉलेजचा इतिहास थोडक्यात सांगू, कारण तो पुष्कळ ठिकाणी सांगितला गेला आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं, ते पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा देत, तिच्यासाठी असलेल्या पैशातून. १८५१ मध्ये त्याचं पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून येरवड्याची इमारत उभी राहिली. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी.

मग १९३४ साली सरकारनं हे कॉलेज बंदच करून टाकलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारं पुन्हा उघडली, पण बीएचे वर्ग परत आले नाहीत. आलं ते पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन. सांकलिया आणि कर्वे त्याच वर्षी रुजू झाले. खरं सांगायचं तर कॉलेज बंद पडलं नसतं, तर आपण आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

इरावतीबाईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली, ती ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. वंशांची उतरंड शास्त्रीय आहे, असं मानणारा हा माणूस. कर्वेंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी काही संबंध नाही. मार्गदर्शकाला जे हवं होतं, ते मापांतून निघालं नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं.

(दृश्य: घोड नदीचं पात्र, काठावरचं पांढरीचं टेकाड.)

पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळ पांढरीची टेकाडं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. इथं १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी हे या कामातले प्रमुख.

मातीखाली एक अख्खं शेतकरी गाव होतं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं. कुडाच्या भिंतींची घरं, चुली, बळदं. काळ्या रंगानं नक्षी काढलेली तांबडी भांडी, त्यांना तोट्या. पाटाचं पाणी आणण्यासाठी खोदलेला कालवा. एक घर इतरांपेक्षा मोठं, आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. गावचा प्रमुख तिथं राहत असावा.

पण इनामगावचं मोल मला या घरांपेक्षा खरकट्यात जास्त वाटतं. माती पाण्यात कालवली की जळालेलं धान्य हलकं असल्यामुळे वर तरंगतं. ते चाळणीनं उचलायचं, वाळवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. या दाण्यांवरून कळलं की इथले लोक मुख्यतः सातू पिकवत होते, जोडीला गहू, डाळी. हाडांच्या ढिगावरून कळलं की गाईगुरं पाळत होते, हरणं मारून खात होते. गाळावरून नदीचा स्वभाव कळला. कॉलेजात पुरातत्त्वाच्या विभागात वनस्पतींचा माणूस, प्राण्यांचा माणूस, मातीचा माणूस, सांगाड्यांचा माणूस, असे सगळे एका छपराखाली बसत. इतरत्र नमुने पोस्टानं पाठवून उत्तराची वाट बघावी लागे. इथं जिना उतरला की झालं.

सगळंच घरात होत नव्हतं, हेही खरं. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे आतला दोरा कुजला नव्हता. तो तपासला मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतल्या ए. एन. गुलाटींनी. दोऱ्यात कापसाबरोबर रेशीम होतं. नेवाशात, तीन हजार वर्षांपूर्वी, आणि तेही एका पोराच्या गळ्यात.

(दृश्य: इनामगावची रेखाचित्रं. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण.)

इनामगावची माणसं आपली मेलेली मुलं घराच्या जमिनीखाली पुरत, दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं निजवत आणि त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. मेलेला माणूस उठून चालायला लागू नये म्हणून, असा ढवळीकरांचा तर्क. पटण्यासारखा आहे, पण तर्कच. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेलं होतं, आणि त्याची पावलं शाबूत होती.

शेवटच्या तीन शतकांत गाव बदलतं. चौकोनी ऐसपैस घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. पाऊस हटला, शेती बसली, लोक गुरांमागे फिरायला लागले, अशी मांडणी उत्खनन करणाऱ्यांनी केली. पुढच्या पिढीनं ती मुलांच्या हाडांवर आणि दातांवर तपासायला घेतली. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे मोजले. बाळ आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की दाताचं कवच त्या वेळी नीट बनत नाही. दात ते लपवत नाही, आणि ते कवच पुन्हा भरूनही येत नाही. दुष्काळाची गोष्ट अशी भिंतींवरून दातांवर आली. वाद अजून चालू आहे, आणि चालू राहावा अशीच ही सामग्री आहे.

(दृश्य: साठवणीची खोली. कपाटं, खोके, चिठ्ठ्या.)

या खोक्यांचं महत्त्व समजायचं असेल, तर उदयपूर जिल्ह्यातलं बालाथल पाहा. डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांच्या पुढाकारानं तिथं उत्खनन झालं. एक मध्यमवयीन पुरुष मिळाला, दगडी कुंपणाच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेत पुरलेला. काही वर्षांनी ग्वेन रॉबिन्स आणि इथल्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांच्यासह एका गटानं ती हाडं बारकाईनं तपासली. नाकाभोवतीचं आणि टाळूचं हाड झिजलेलं होतं. हा माणूस इसवी सनापूर्वी सुमारे २००० मधला, आणि त्याला कुष्ठरोग होता. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर सांगाड्यावर मिळालेला या रोगाचा तो जगातला सर्वांत जुना पुरावा ठरला.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीत मात्र शास्त्रज्ञांची एकवाक्यता झाली नाही. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला, आणि त्याच्या सोबत आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेचं वय ठरलं की हत्यारांचं ठरणार. एका पद्धतीनं वय आलं १४ लाख वर्षं. दुसऱ्या मोजणीत ते ६ लाख ७० हजारांवर आलं. राखेचं रसायन पाहणाऱ्यांनी सांगितलं की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख आहे, जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची. एकाच चिमूटभर राखेची ही तीन वयं!

(दृश्य: लाकडी कप्प्यांत दाटीनं उभ्या केलेल्या कागदी चिठ्ठ्या.)

खड्ड्यातून थोडं बाहेर येऊ. याच परिसरात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश, म्हणजे शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलला ते दाखवणारा शब्दकोश, चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी त्याची आखणी केली. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. त्यांत वैद्यक आहे, गणित आहे, हत्तींची चिकित्सा आहे. तीसहून अधिक खंड निघाले आणि अजून ‘अ’ चालू आहे. यावर हसू येतं खरं, पण घाई करणाऱ्यांनी हा कोश कधीच पुरा केला असता आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

(दृश्य: राखीगढीचं टेकाड.)

आता हरियाणा. हिसार जिल्ह्यातल्या राखीगढीला वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं हडप्पा संस्कृतीचं दफनस्थळ खोदलं. उकाड्यात आणि दमट मातीत डीएनए टिकत नाही. कानाच्या आतलं, कवटीच्या तळाचं दगडासारखं टणक हाड तेवढं आशेचं. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निबंध आला. एका स्त्रीचा जनुकीय आराखडा त्यात होता. तिच्यात मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता.

बातम्यांनी लगेच निकाल लावला: बाहेरून कुणी आलंच नाही. त्याच दिवसांत ‘सायन्स’मध्ये दुसरा, बराच मोठा निबंध आला होता, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा. त्यात हा अंश भारतात इसवी सनापूर्वी दोन हजारनंतर आला, असं मांडलं होतं. शिंदे त्याही निबंधाचे सहलेखक आहेत. दोन्ही निबंध एकत्र वाचले तर त्यांत भांडण नाही. वाचणारे कमी, बोलणारे फार, एवढंच.

राखीगढीला एकूण ६१ नमुने तपासले होते. ६० मधून वापरता येईल असं काही निघालं नाही. निबंधात हाही आकडा छापलेला आहे.