रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग जड

नमस्कार श्रोतेहो.

"डॉक्टर, तुम्ही म्हणता रिपोर्ट नॉर्मल आहे, मग सकाळी अंथरुणातून उठवत का नाही?" हे वाक्य माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कानावर पडतं. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. पाठोपाठ मागणी येते, "ही थायरॉईडची गोळी मला लागू पडत नाही, दुसरी द्या."

ही तक्रार खरी असते. थायरॉईडची गोळी चालू असून, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला मुख्य आकडा, ठीक असूनही शंभरातल्या पाच ते दहा जणांना थकवा, जडपणा, विसरभोळेपणा राहतो. "सगळं मनाचं आहे" म्हणून त्यांना घरी पाठवणं मला बिलकूल पटत नाही. पण गोळी बदलण्याआधी आहे ती गोळी पोटात नीट पोचते का, हे बघायला हवं.

एक मावशी आल्या होत्या. टीएसएच कधी ३, म्हणजे ठीक, तर कधी ९, म्हणजे वाढलेला. डोस वाढवला की छातीत धडधड, कमी केला की पाय सुजायचे. मी म्हटलं, मावशी, पिशवीतलं सगळं टेबलावर ओता. थायरॉईडची बाटली, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲसिडिटीची कॅप्सूल, केसांसाठी बायोटिन. "सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही." बाटलीचं झाकण सैल, आणि ती ठेवायच्या गॅसजवळच्या फडताळात, वाफेत.

आता बघा. थायरॉईडच्या गोळीतलं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. एवढंसं औषध लोह आणि कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासानंतर. सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, फक्त रोज तीच वेळ पाळा. ॲसिडिटीच्या औषधानेही ही गोळी कमी शोषली जाते, म्हणून ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. बायोटिनचा प्रकार वेगळाच. ते रक्ततपासणीलाच फसवतं. कित्येक तपासण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा.

दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तर तेही लक्षात ठेवा. नाव तेच, आकडा तोच, पण शोषणात थोडा फरक पडू शकतो. शक्यतो एकच कंपनी धरून ठेवा. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. त्याआधी घाई करून उपयोग नाही, कारण या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सात दिवस लागतात. दहा दिवसांत "गुण आला नाही" म्हणून डोस बदलला, तर नुसताच गोंधळ वाढतो.

एवढं करूनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि साखर तपासा. झोप कशी आहे, घोरणं आहे का, पाळी जायची वेळ आली आहे का, मन उदास आहे का, हेही विचारा. आपल्याकडे कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

मग राहतो गोळी खरंच बदलण्याचा प्रश्न. थायरॉईड ग्रंथीची दोन संप्रेरकं, टी-४ आणि टी-३. आपली गोळी म्हणजे टी-४. शरीर त्यातून टी-३ बनवतं. १९९९ साली लिथुआनियातल्या ३३ रुग्णांवरच्या अभ्यासात टी-४ बरोबर टी-३ दिल्यावर मन आणि बुद्धी तरतरीत झाल्याचं दिसलं, आणि जगभर आशा पालवली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत मात्र ते सिद्ध झालं नाही. तरी काही रुग्णांना बरं वाटतं, आणि त्यांना खोटं ठरवणारी मी कोण? युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला मला रास्त वाटतो: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तीन महिने करून बघावं, फरक नसेल तर थांबवावं. टी-३ झपाट्याने काम करतं. जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर ते नकोच. बाळाच्या मेंदूला टी-४ लागतं.

परदेशातल्या नातेवाइकांकडून डुकराच्या थायरॉईड ग्रंथीपासून बनवलेली गोळी मागवणारेही भेटतात. माणसाच्या ग्रंथीत टी-४ टी-३ च्या साधारण चौदा पट असतं, डुकराच्या ग्रंथीत चौपट. म्हणजे टी-३ चा मारा कितीतरी जास्त. भाचीने पाठवली म्हणून स्वतःहून सुरू करू नका, कळकळीने सांगते.

त्या मावशींची गोळी मी बदललीच नाही. बाटली आता उशाशी, तांब्या-भांड्याशेजारी असते. लोह आणि कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणानंतर. आठ आठवड्यांनी टीएसएच २.४ आला. पायांची सूज उतरली होती. गुडघे अजून दुखतात, त्याचे उपचार सुरू आहेत. परवा जिना चढून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आज मध्ये थांबले नाही हो."