जत्रेतले फुगे आणि दहा मीटरवरचा ठिपका

(हातात छोटी डबी. झाकण उघडून एक छर्रा कॅमेऱ्याजवळ धरत.)

हा बघा. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. शिशाचा, साडेचार मिलिमीटर जाडीचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. असले वीस छर्रे मी गेल्या रविवारी मारले आणि घरी येऊन पहिल्यांदा साबणानं हात धुतले. ते का, ते सांगतो. आधी फुग्यांचं सांगू दे.

बेळगावात वाढलेल्या माणसाला बंदूक म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे कॅम्पातलं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, आणि दुसरी जत्रेतला फुग्यांचा स्टॉल. पहिल्या ठिकाणी आपल्याला कुणी आत सोडत नाही, दुसऱ्या ठिकाणी आपण कधी जिंकत नाही. सौंदत्तीची यल्लम्मा असो नाहीतर गावातली लक्ष्मीची जत्रा, फळीवर लाल-पिवळे फुगे, हातात ती जुनी छऱ्याची बंदूक, आणि दहा छऱ्यांत माझे दोन फुगे. उरलेल्या आठांचं कारण ठरलेलं. “नळी वाकडी आहे हो त्याची.” तीस वर्षं मी हेच सांगत आलो.

तर गेल्या रविवारी निपाणीचा आत्येभाऊ बायकापोरांसकट आला. गोकाकचा धबधबा बघायचा बेत होता. पण आषाढातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. हा दारात उभा राहून म्हणतो, “गोकाकला कशाला जायचं? धबधबा हितनंच दिसालाय की.” पोरं तर घरात बसायला तयार नाहीत. मग शहरातल्याच एका एअर रायफलच्या, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या बंदुकीच्या, हॉलवर गेलो. तासाच्या हिशोबानं नवख्यांना शिकवतात, बंदूक तेच देतात. नाव सांगत नाही, ही जाहिरात नव्हे.

हॉल म्हणजे काय, एक लांबट खोली. अलीकडे टेबलांची रांग, पलीकडच्या भिंतीला दिवे आणि त्यात कागद. मध्ये बरोबर दहा मीटर. जत्रेतल्या आवाजाची सवय असल्यामुळे इथली शांतता जरा चमत्कारिकच वाटली. आणि बंदूक? बंदूक वीस मिनिटं हातात मिळालीच नाही. कोच मॅडम बोलतच होत्या. कन्नड, मराठी, हिंदी, जी हाताला लागेल ती भाषा. आत्येभावाची चुळबूळ चालू. पण मंडळी, आज मला जे सांगायचंय ते इथंच आहे. फिरायला गेल्यावर शूटिंग रेंज चांगली की वाईट हे बंदुकीच्या आकारावरून ठरवू नका. बंदूक हातात देण्याआधी ती माणसं तुमच्याशी किती वेळ बोलतात, ते बघा.

त्या काय बोलत होत्या? नळी कायम समोरच्या भिंतीकडे. गप्पा मारताना, छर्रा भरताना, कुणी हाक मारली तरी. नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही, बाहेर, सरळ. आणि रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी बंदूक भरलेलीच समजायची. ऐकायला सोपं आहे. पण पाच मिनिटांनी आमच्याच टेबलावर काय झालं? आत्येभाऊ माझं शूटिंग करत होता, म्हणजे मोबाइलचं. “जरा हिकडं वळून नेम धर, थंबनेल झकास येईल.” आणि मी वळायला लागलो! तीन नियम नुकतेच पाठ म्हणून दाखवलेले. मॅडमनी नळीवर हात ठेवून ती खाली दाबली, बंदूक काढून घेतली आणि मला पाच मिनिटं बाकावर बसवलं. माझ्या भाच्याच्या शेजारी. तो नऊ वर्षांचा आहे. म्हणून ह्या व्हिडिओच्या थंबनेलवर बंदूक नाही, हा छर्रा आहे.

बाकावर बसल्या बसल्या एक चाचणी केली, ती तुम्ही आत्ता घरात करू शकता. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांचा एक छोटा त्रिकोण करा आणि त्यातून लांबची एखादी वस्तू बघा. घड्याळ, बल्ब, काहीही. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं वस्तू त्रिकोणातच राहते, तो तुमचा मुख्य डोळा. नेम त्यानंच धरायचा.

मी उजवा. लिहितो उजव्यानं, बॅट उजवी. आणि माझा मुख्य डोळा निघाला डावा! म्हणजे तीस वर्षं मी उजव्या खांद्याला बंदूक लावून नको त्या डोळ्यानं बघत होतो. नळी वाकडी असेलही, पण आठातले पाचेक फुगे तरी माझ्या खात्यावर घ्यावे लागतील. मॅडम म्हणाल्या, डावा खांदा लावा. पहिली पाच मिनिटं उलट्या हातानं भात खाल्ल्यासारखं वाटलं.

आता कागदाकडे येऊ. दहा मीटर एअर रायफलचा, ऑलिंपिकच्याच मापाचा कागद. मधला दहाचा ठिपका किती असतो? अर्धा मिलिमीटर. पेनाचं टोक टेकवलं की पडतो तेवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. तो ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा मिळतात. ‘अरे, मग सोपं आहे की!’ असं मलाही वाटलं होतं. पण हिशोब करून बघा. बंदूक साधारण मीटरभर लांब. खांद्याकडची बाजू स्थिर आहे आणि पुढचं टोक फक्त एक मिलिमीटर हललं असं धरा. दहा मीटरवर त्याचा होतो एक सेंटिमीटर. ह्या कागदावर प्रत्येक घर अडीच मिलिमीटरचं असतं. म्हणजे तुमचं टोक एक मिलिमीटर हललं की तुम्ही दहावरून थेट सहा-सातावर. आणि टोक हलतंच. नाडीच्या ठोक्यानं हलतं, श्वासानं हलतं, मागून कुणी “चहा घेणार काय?” विचारलं तरी हलतं.

म्हणून श्वास. पूर्ण आत घ्यायचा, निम्मा सोडायचा, तिथं थांबायचं. त्या थांब्यात पाच-सात सेकंदांत छर्रा सुटला पाहिजे. नाही सुटला तर बंदूक खाली, परत पहिल्यापासून. ओढून ताणून श्वास धरून ठेवला की डोळ्यांपुढे धूसर व्हायला लागतं आणि हात जास्तच थरथरतो. मी चौथ्या छऱ्याला हट्ट केला. तो कागदावर सापडला नाही.

आणि चाप. चाप ओढायचा नाही, दाबायचा. इतका हळू, की सुटला ते आपल्यालाच जरा उशिरा कळावं. मॅडम मागून एकच शब्द म्हणत होत्या, “सावकाश, सावकाश.” हा शब्द आपल्याकडच्या कन्नडमध्येही सावकाशच आहे. सीमाभागात ज्याच्यावर वाद होऊ शकत नाही अशा थोड्या गोष्टींत तो धरायला हरकत नाही. छर्रा सुटल्यावर लगेच मान वर करून “लागला काय?” बघायचं नाही. एक-दोन सेकंद तसंच थांबायचं. हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. भाच्याला पहिल्या झटक्यात जमलं. त्याची बंदूक स्टँडवर टेकवलेली होती, हे मी मुद्दाम सांगतोय.

(डबी बाजूला ठेवून.)

आता कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे बंदुकीला १९५९ चा आर्म्स ॲक्ट लागतो. त्याखालच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर म्हणजे पॉइंट एकशे सत्त्याहत्तर इंचापर्यंतची आणि वीस जूलपर्यंत जोर असलेली एअरगन असेल तर लायसन्स लागत नाही. वीस जूल म्हणजे काय? एक किलोचा साखरेचा पुडा दोन मीटर उंचीवरून पडला तर जमिनीवर जेवढा आदळतो, साधारण तेवढं. खऱ्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी त्याच्या वीसपटीच्या वर जाते. म्हणून फिरायला आलेल्या माणसाला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळते ती एअरगनच. पण लायसन्स नाही म्हणजे खेळणं नाही. हा ज्वारीएवढा छर्रा डोळा फोडू शकतो. डोळे वाचवणारा चष्मा देत नसतील तर त्या ठिकाणाहून पैसे परत मागून निघून या.

“आम्हाला खरी गोळी मारायची आहे” असं म्हणणारेही आहेत. आपल्या भागातली पोरं आता थायलंडला जातात, आणि तिथं पर्यटकांसाठी इनडोअर रेंज आहेत. मीही दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेलो होतो. हॉटेलसारखं मेनूकार्ड आलं. वर पिस्तुलाचा फोटो, खाली किती गोळ्यांना किती पैसे. समजावणं झालं दोन मिनिटांत, त्यातलं एक मिनिट फोटोसाठी पोज. कानावर मफ, म्हणजे आवाज अडवणारी जाड कानझाकणं, होते तरी पहिल्या आवाजाला छातीत धस्स झालं. बंद खोलीत पिस्तुलाचा आवाज एकशे साठ डेसिबलच्या घरात जातो, नुसते मफ पुरत नाहीत, आत इअरप्लगचे बोळेही घालायला पाहिजेत. हे तिथं कुणी सांगितलं नाही. रात्री जेवताना कानात टिटवी ओरडत होती.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही ती ही. पिस्तुलातून प्रत्येक गोळीमागं रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि ती चटका बसेल इतकी तापलेली असते. आमच्यातल्या एकानं वरची तीन बटणं उघडी टाकलेला फुलाफुलांचा शर्ट घातला होता. थायलंड म्हटल्यावर तेच घालतात. पुंगळी उडाली ती सरळ शर्टाच्या आत. हा “आई गं” करून गर्रकन वळला, हातात भरलेलं पिस्तूल, बोट चापावर. तिथल्या माणसानं मनगट पकडून वर उचललं म्हणून आज हा किस्सा आहे. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. हसू हॉटेलवर पोचेपर्यंत टिकलं, मग कुणी फार बोललं नाही. तेव्हा जाणार असाल तर गळाबंद टीशर्ट आणि पाय झाकणारे बूट. चपला नकोत.

आणि ती पुंगळी आठवण म्हणून खिशात टाकू नका. आमच्या त्याच हिरोनं टाकली होती, मी विमानतळाबाहेरच्या डब्यात टाकायला लावली. रिकाम्या पुंगळीवरूनसुद्धा चौकशीत तासन्‌तास जातात, आणि चुकून जिवंत काडतूस बॅगेत निघालं तर आर्म्स ॲक्टच्या पंचविसाव्या कलमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आपल्याकडे ते आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं, असं कोर्टाला पटलं तर सुटाल. पण तोवर तारखा आणि वकील. एका पितळी नळकांड्यासाठी?

हात का धुतले ते राहिलंच. छर्रे शिशाचे, बोटांना शिसं लागतं. खऱ्या गोळीच्या रेंजवर तर धुरातही शिसं असतं, म्हणून तिथली हवा सतत बाहेर ओढणारे मोठे पंखे आहेत का ते बघा. हॉलमध्ये खायचं नाही, बाहेर आल्यावर हात-तोंड धुवायचं, मगच वडापाव. गरोदर बायकांनी आणि लहान पोरांनी खऱ्या गोळीच्या रेंजवर जाऊच नये. जाण्याआधी फोन करा आणि एवढंच विचारा: शिकवणार कोण, एका माणसामागं एक जण उभा असतो काय, आणि पोरांना वयाची काय अट आहे. समोरचा नुसता भाव सांगत सुटला तर समजून जा.

पोरांना आवड लागली तर लांब बघायला नको. आपल्या निपाणीपलीकडे राधानगरी तालुक्यात कांबळवाडी आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ आणलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासणारा माणूस. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सोनं घेतलं. हायवेनं दोन तासांच्या अंतरावरची माणसं आहेत ही.

माझा स्कोअर विचारू नका. कागद मात्र घरी आणला. आमच्या गल्लीत एक सुभेदार काका आहेत, मराठा रेजिमेंटमधून रिटायर झालेले. फौजेत नेम धरण्याला ‘शिस्त घेणे’ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. संध्याकाळी कागद घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावला, कागद दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ बघत बसले.

“किती मारलास?”

“वीस, काका.”

“भोकं अठराच दिसालीत खरं.”

“दोन एकाच भोकातनं गेलीत.”

काकांनी चष्मा काढला, कागदाची चौकोनी घडी घातली, टीपॉयवर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.