राउटर टेबल घेताना आधी पृष्ठभाग तपासा

[दृश्य: टेबलाच्या मधोमध फिरणारं बिट, त्यावरून सरकणारी फळी]

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या धारदार पात्याने, म्हणजे बिटने, लाकडात खाच पाडणारं किंवा कड घडवणारं विजेचं यंत्र. हातातला राउटर लाकडावरून फिरतो. तोच टेबलाखाली उलटा बसवला की जागचा हलत नाही, लाकूड त्याच्यावरून सरकतं. अरुंद पट्ट्या, चौकटीच्या लांब कडा, राउटरचा पाया टेकायला जागाच नसलेले तुकडे, अशी कामं मग आवाक्यात येतात.

टेबल घ्यायला गेलं की नजर आधी ड्रॉवरकडे, मोजपट्ट्यांकडे जाते. मला मात्र ठामपणे वाटतं, पहिली परीक्षा वरच्या पृष्ठभागाची. तो सपाट नसेल, तर बाकीचं कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

[दृश्य: टेबलावर कर्णरेषेत ठेवलेली धातूची सरळपट्टी, मागून उजेड]

राउटर आणि त्याला वर-खाली करणारी लिफ्ट, असं कित्येक किलोंचं ओझं टेबलाच्या मध्यावर लटकतं. नेमकं तिथेच मोठं भोक पाडलेलं असतं. पातळ एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) हळूहळू खाली बसतं. लांब फळी त्या खळग्यावरून अधांतरी जाते आणि खाच उथळ पडते. आखूड तुकडा खळग्यात उतरतो, त्याची खाच खोल जाते. मग जोड बसत नाही आणि आपण हाताला दोष देतो. म्हणून राउटर टांगलेला असतानाच सरळपट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर धरून बघा. मधल्या भागात पट्टीखालून साधा कागद सहज सरकत असेल, तर ते टेबल नको. जाड एमडीएफ घ्याल, तर दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवंच. एकाच बाजूला असेल, तर उघडी बाजू दमट हवेत ओल शोषते आणि फळा वाकतो. ओतीव लोखंड सपाट राहतं, पण जड असतं आणि गंजापासून जपावं लागतं.

राउटर धरणारी प्लेट टेबलाशी समपातळीत आणण्यासाठी कोपऱ्यांत स्क्रू असावेत. तिची कड वर राहिली, तर लाकूड तिथे अडकतं.

[दृश्य: फेन्सला लावलेला गुण्या]

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी, टेबलाच्या कडेला समांतर आहे का, याची चिंता अनेकांना असते. बिट गोल आहे. कोन कुठलाही असला, तरी त्याचं फेन्सपासूनचं अंतर तेच राहतं. तिरकी सरकपट्टी (लाकूड ठरलेल्या कोनात धरून टेबलातल्या खाचेतून सरकणारी) वापरणार असाल, तेव्हाच समांतरता पाहा. एरवी फेन्स सरळ हवी आणि टेबलाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात हवी. मागे भुसा ओढणारं तोंड असावं.

राउटरचा वेग कमी-जास्त करता यायलाच हवा. 75 मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांनी फिरलं, तर त्याची धार ताशी सुमारे 340 किलोमीटरने धावते. एवढं मोठं बिट 10,000 फेऱ्यांच्या आसपासच चालवावं. कॉलेट, म्हणजे बिटची दांडी पकडणारा भाग, अर्ध्या इंचाचं घ्या. पाव इंचाच्या तुलनेत अर्ध्या इंचाची दांडी वाकायला सोळापट विरोध करते.

[दृश्य: उजवीकडून डावीकडे सरकणारी फळी]

फेन्सला टेकवलेलं लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे ढकलायचं, म्हणजे बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट दिशेने नेलं, तर बिट ते हातातून हिसकावून घेतं. लाकूड फेन्स आणि बिट यांच्यामधून तर कधीच सारू नका.

स्विच समोर, गुडघ्याने दाबून बंद करता येईल असा असावा. वीज जाऊन परत आली, तरी यंत्र आपोआप सुरू होणार नाही, असाच घ्या.