दोन छाटण्या, दोन सलाईन

(दृश्य : दिंडोरी तालुका, एप्रिलची सकाळ. द्राक्षबाग. फ्रेममध्ये फक्त हात आणि कात्री.)

खरड छाटणी चालू आहे. काडीवर एक-दोन डोळे राखायचे, बाकी सगळं खाली. हात नीट बघा. डावा हात काडी धरतो, उजवा कापतो. पण प्रत्येक कापाआधी कात्री क्षणभर थांबते. ताई आधी नजरेनं खात्री करून घेतात, की बोट पात्यात नाही ना. डाव्या हाताच्या बोटांना ते आपलं आपण कळत नाही.

ताईंचं नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, असं ठरलंय. वय ३६. आजार मल्टिपल स्क्लेरोसिस. गावात कुणी विचारलं तर सासूबाई ‘नसांचं आहे’ म्हणून विषय संपवतात. दवाखान्यात सगळे एमएस म्हणतात, आपणही तेच म्हणू.

(दृश्य : डिसेंबरमधलं चित्रीकरण. वेलीच्या खोडाभोवती गर्डलिंगचा चाकू फिरतो, सालीचं कडं सुटून येतं.)

हे त्याच बागेतलं, चार महिन्यांपूर्वीचं. मणी फुगावेत म्हणून खोडाभोवतीचं सालीचं बारीक कडं काढतात. आतलं लाकूड शाबूत राहतं, पाणी वर चढत राहतं. पानांत तयार झालेलं अन्न मात्र मुळांकडे उतरायचं थांबतं. काही आठवड्यांत जखम भरून येते.

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंनाही अशी साल असते. तिला मायलिन म्हणतात. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ही साल ठिकठिकाणी ओरबाडते आणि निरोप अडखळतात. मग सूज उतरते, थोडी साल पुन्हा धरते, आणि माणूस म्हणतो, झालो बरा. बागायतदार साल काढतो तो हिशेबानं, भरून येणार हे धरून. इथं हिशेब कुणाचाच नसतो. जिथं भरत नाही तिथं कडक वण राहतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या वणांवरूनच हा आजार वेगळा ओळखला. स्क्लेरोसिस म्हणजे तो कडकपणा.

(दृश्य : बांधावरची वाट. धुळीत एकच चप्पल.)

ही चप्पल आम्ही मुद्दाम ठेवली, हे कबूल. पण घडलं होतं तसंच. बागेतून घरी पोचल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की एका पायातली चप्पल वाटेत राहिली. कधी निसटली, पायाला पत्ताच नाही.

त्याच्या वर्षभर आधी उजव्या डोळ्याला लाल रंग विटका दिसू लागला होता. डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर बदलून दिला गेला. तीन आठवड्यांत दिसायला लागलं आणि श्रेय चष्म्याला गेलं. पाय जड पडला तेव्हा मणक्यात नस दबली असं सांगून कमरेला पट्टा आला. पुढे कुणाच्या तरी ओळखीनं आणखी एका डॉक्टरांकडे गेल्या. मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो, हे ताई तिथं सहज बोलून गेल्या. ते डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

(दृश्य : एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात.)

एमआरआयच्या खोलीत कॅमेरा नेता आला नाही. तिथलं चुंबक लोखंडाला जवळ ओढतं, मग ते कुणाचंही असो. म्हणून फिल्म अशी खिडकीशी धरली आहे. हे पांढरे ठिपके बघा, आणि हा मानेतला.

निदानाचे नियम २००१ पासून मेंदूविकारतज्ज्ञ मॅकडोनाल्ड यांच्या नावानं ओळखले जातात. मूळ कल्पना अशी, की इजा एकाहून अधिक जागी हवी आणि एकाहून अधिक वेळी झालेली हवी. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नसही एक जागा म्हणून मोजली गेली, आणि पुरेसा पुरावा असेल तर ‘वेगवेगळ्या वेळी’ ही अट सुटू शकते. म्हणजे दुसऱ्या झटक्याची, लक्षणं पुन्हा उसळण्याची, वाट बघत बसायचं कारण नाही. ताईंचा डोळा तेव्हा कुणी मोजलाच नव्हता.

(दृश्य : रामकुंड, दुपार. गोळ्याची गाडी. एक काडी, तीन पोरं.)

आता हे उष्टं बघा. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असाच पसरतो, लाळेतून. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि कायम शरीरात राहतो. जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने वापरून दाखवलं, की या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. तपासता आलेल्या ८०१ रुग्णांपैकी लागणीची खूण न सापडलेला एकच निघाला. म्हणून पोरांच्या हातातून गोळा काढून घेऊ नका. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना ही लागण झालेली असते, आणि त्यातल्या फारच थोड्यांना एमएस होतो. एवढ्यावरून भागत नाही, आणखी काहीतरी लागतं.

पण हा विषाणू दडून बसतो तो रक्तातल्या बी पेशींत. टी पेशींसारख्याच याही प्रतिकारशक्तीच्या पेशी. या पेशींपाशीच आपली गोष्ट वळते.

(दृश्य : नाशिकरोड स्थानक, पंचवटी एक्स्प्रेस. मग थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या.)

सुरुवातीला ताई पंचवटीनं मुंबईला जायच्या. औषध होतं इंटरफेरॉन, १९९३ पासून जगभर वापरात असलेलं पहिलं औषध. विचार असा, की आधी सौम्य द्या आणि भागलं नाही तर पायरी चढा. दोन वर्षांनी झटका आला, त्यात डाव्या हाताची जाण गेली. जोरदार औषध पहिल्या दिवसापासून द्यावं, असं म्हणणारे डॉक्टर आता वाढले आहेत. ट्रीट-एमएस आणि डिलिव्हर-एमएस या दोन मोठ्या चाचण्या याच वादासाठी उभ्या राहिल्या. आम्ही कुणाच्या बाजूचे, ते तो हात बघितल्यावर लपवण्यात अर्थ नाही.

त्या झटक्यानंतर औषध बदललं. डब्यात आहे ते नवं, रिटुक्सिमॅब. दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवं, म्हणून द्राक्षांसारखाच याचाही प्रवास थंडाव्यात.

हे मूळचं लसिकापेशींच्या कर्करोगावरचं, अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झालेलं. ते बी पेशी वेचून काढतं. तेव्हा एमएसचा सगळा दोष टी पेशींवर टाकला जायचा, त्यामुळे याच्याकडून फारशी आशा नव्हती. २००८ मध्ये १०४ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. ४८ आठवड्यांत झटका आलेले रुग्ण नुसत्या पाण्याच्या गटात ४० टक्के, रिटुक्सिमॅबच्या गटात २०. पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. तरीही एमएसचं औषध हा शिक्का त्यावर कधी बसला नाही. शिक्का बसला त्याच वाटेनं काम करणाऱ्या नव्या आणि कितीतरी महाग ओक्रेलिझुमॅबवर, २०१७ मध्ये.

स्वीडनच्या डॉक्टरांनी शिक्क्याची वाट बघितली नाही. जुनंच देत राहिले, हजारोंना. मग तिथंच चाचणीही झाली, २०२२ मध्ये निकाल छापून आला. दोन वर्षांत झटका आलेले रुग्ण डायमिथाइल फ्युमरेट या गोळीवर १६ टक्के, रिटुक्सिमॅबवर ३. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदा एमएसची औषधं घेतली. तीनच घेतली, त्यातलं एक हे.

आणि यात आपलंही काही आहे. रिटुक्सिमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं तसंच औषध, २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं काढली. आज ताईंची सलाईन नाशिकमध्येच लागते. पंचवटी सुटली.

(दृश्य : थेंब. नर्सच्या हातातलं घड्याळ. ताईंच्या मांडीवर कापसाच्या वाती.)

आधी पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, स्टिरॉइड. मग सलाईन, पहिला तास अगदी सावकाश, अंगावर पुरळ येतंय का ते बघत. हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी आधीच झालेली. तेवढ्या वेळात ताई वाती वळतात. डाव्या हाताला सवय राहावी म्हणून, असं त्या सांगतात. सासूबाईंच्या मते देवासाठी.

या औषधानं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, वर्षानुवर्षं घेतलं तर रक्तातली प्रतिद्रव्यं कमी होतात, आणि २०२३ च्या एका मोठ्या नोंद-अभ्यासात ओक्रेलिझुमॅबच्या तुलनेत याच्यावर झटके जास्त दिसले. थेट तुलना करणाऱ्या चाचण्या नॉर्वे आणि डेन्मार्कनं हाती घेतल्या.

(दृश्य : रस्त्यावरचा ‘स्टेम सेलनं एमएस बरा’ फलक, नाव पुसट केलेलं.)

हा फलक दिसला म्हणून थांबलो. रक्तमूळ पेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं, प्रत्यारोपण एमएसमध्ये खरोखर करतात. त्यात केमोथेरपी असते, आणि २०१९ मध्ये ११० निवडक रुग्णांवरच्या चाचणीत ते औषधांहून सरस ठरलं. फलकावर जे विकलं जातंय ते हे नव्हे. अशी आशा आधीही विकली गेली आहे. २००९ मध्ये इटलीचे डॉक्टर झाम्बोनी म्हणाले होते, की मानेच्या शिरा तुंबल्यानं एमएस होतो. जगभरचे रुग्ण पदरचे पैसे घालून शिरा फुगवून आले. २०१७ मध्ये चाचणी झाली, फायदा शून्य.

(दृश्य : बाग, दुपारचा एक. ओली ओढणी मानेभोवती.)

अकरानंतर ताई सावलीत येतात. अंग तापलं की डोळ्यापुढे धुकं येतं, पाय ओढत चालावं लागतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. पूर्वी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून बघत, कारण गरम झालं की लक्षणं उघडी पडत. नाशिकचा मे महिना तेच फुकटात करतो. नवी इजा त्यानं होत नाही, अंग निवलं की धुकं ओसरतं. पण मजुरीवर येणाऱ्या बायकांना बांधावर बसलेली मालकीण धडधाकट दिसते.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळीही तेच. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. पण तपासणीच्या दिवशी ताई नेमक्या बऱ्या चालल्या.

(दृश्य : सलाईन संपते. सुई निघते. पट्टी.)

सहा महिन्यांतून एकदा. हे वेळापत्रक कुणी बागेकडे बघून आखलेलं नाही, पण बसलं तसंच. एक सलाईन खरड छाटणीला, दुसरी गोडी छाटणीला.

नर्स पुढची तारीख लिहायला घेते, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ताई तिला थांबवतात, दादांना फोन लावतात. यंदा छाटणी कधी धरायची, ते आधी विचारून घेतात.