चार टेबलं, एक यार्ड आणि एक रिकामा कॉलम

(पडद्यावर: एक वर्ग. ओळीत चार टेबलं. चिठ्ठ्या, वह्या, खोडरबर. आवाज नाही.)

या वर्गात आत्ता कुणी बोलायचं नाही, तसा नियमच आहे. पहिल्या टेबलावर दुकानदार, त्याच्यामागे होलसेलर, मग डिस्ट्रिब्युटर आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी. दुकानदार दर आठवड्याला एक पत्ता उलटतो, गिऱ्हाइकाला किती पेट्या हव्यात ते बघतो, स्टॉकमधून तेवढ्या देतो आणि मागच्या टेबलाला ऑर्डरची चिठ्ठी सरकवतो, मग मागचा त्याच्या मागच्याला, असं फॅक्टरीपर्यंत. माल यायला दोन आठवडे, चिठ्ठी पोचायलाही वेळ लागतोच. पेटी पडून राहिली तर खर्च, आणि देता आली नाही तर त्याच्या दुप्पट खर्च.

ह्याला बिअर गेम म्हणतात. १९६० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झाला, आणि आजही लॉजिस्टिक्स, सप्लाय चेन, म्हणजे माल फॅक्टरीपासून गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचवायचा हे शिकायला आलेली कितीतरी मुलं पहिल्या सेमिस्टरला हाच खेळ खेळतात.

सुरुवातीला सगळं शांत असतं. मग कधीतरी दुकानदाराचा स्टॉक संपतो, तो जरा जास्त मागवतो, माल काही लगेच येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात अजून जास्त मागवतो. होलसेलरला वाटतं अरे डिमांड वाढली, तो त्याच्यावर आपलं थोडं चढवतो. फॅक्टरीच्या टेबलावर चिठ्ठी येईपर्यंत आकडा फुगून कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि काही आठवड्यांनी तो सगळा माल एकदम येऊन आदळतो, आता कुणालाच नको असतो, ऑर्डर शून्य, शून्य, शून्य. फॅक्टरीवाली मुलगी रिकाम्या चिठ्ठ्यांकडे बघत बसलेली असते, आणि तिला मनापासून वाटत असतं की समोरच्या टेबलावरच्यांनी तिला फसवलं.

खेळ संपला की शिक्षक सांगतात, गिऱ्हाइकाची डिमांड कशी असेल त्याचा ग्राफ काढा. दुकानदार सोडून कुणी ती पाहिलेली नसते. मुलं डोंगर काढतात, दऱ्या काढतात. मग पत्ते उघडतात. पहिले चार आठवडे ४ पेट्या, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि शेवटपर्यंत ८ च. एकदाच बदल झाला होता, बस.

(पडद्यावर: फळ्यावर दोन ग्राफ, एक उसळणारा, एक जवळजवळ सरळ.)

मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा तास हाच. कारण चुकलेलं कुणीच नव्हतं, चौघांनीही आपापल्या टेबलावरून जे दिसलं त्यावर ठीकच निर्णय घेतले होते. उसळी तयार झाली ती मधल्या उशिरातून, आणि एकमेकांचा स्टॉक दिसत नव्हता त्यातून. एमआयटीतल्याच जे फॉरेस्टर या प्राध्यापकाने १९५० च्या दशकाच्या शेवटी हेच मांडलं होतं. पुढे ह्याला बुलव्हिप इफेक्ट नाव पडलं, चाबकाच्या मुठीशी हात जरासा हलला तरी टोकाला केवढा फटकारा बसतो, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे डायपरच्या धंद्यात दिसलं. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत, पण ऑर्डर मात्र वरखाली नाचत होत्या. १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि वांग या तिघांनी त्याची चार कारणं नीट वेगळी केली, त्यातलं एक तर सगळ्यांना ओळखीचं वाटेल, माल तुटवड्यात आहे असं कळलं की १० हवे तिथे २० मागायचे, म्हणजे निदान १० तरी मिळतील.

यानंतर गणित सुरू होतं, आणि ते भरपूर असतं. लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत राहून सगळ्यात जास्त फायदा किंवा सगळ्यात कमी खर्च कसा होईल ते काढायची पद्धत, हा त्याचा पाया. १९३८-३९ मध्ये लेनिनग्राडमध्ये कांतोरोविच या गणितज्ञाकडे प्लायवूडवाल्यांचा प्रश्न आला, कुठल्या मशीनवर कुठलं लाकूड किती वेळ चढवायचं, त्यातून त्यांनी ही पद्धत काढली. १९४७ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या प्लॅनिंगचं काम करताना जॉर्ज डँटझिग यांनी असे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी सिम्प्लेक्स मेथड दिली, जी आजही सॉल्व्हरच्या, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात चालते. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि अर्थतज्ज्ञ कूपमान्स यांना मिळालं, डँटझिग राहिले, आणि ते अनेकांना आजही खटकतं, मलाही.

रूटचं गणित वेगळंच अंगावर येतं. एक गाडी, डेपो धरून १५ ठिकाणं, सगळीकडे एकदा जाऊन परत यायचं. किती वेगवेगळे रस्ते होतील? जायचं-यायचं अंतर सारखं धरलं तरी ४,३५८ कोटींच्या वर. आणि खऱ्या कंपनीकडे गाड्या खूप, ठिकाणं शेकड्याने. १९५९ मध्ये डँटझिग आणि रॅमझर यांनी पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी हा प्रश्न मांडला, तेव्हापासून लोक त्याच्यावर काम करतायत. बरेचदा सगळ्यात उत्तम उत्तर सोडून पुरेसं चांगलं उत्तर वेळेत मिळवायचं असतं, आणि ते मान्य करायला हुशार मुलांना फार जड जातं.

काही ठिकाणी मात्र हे गणित मोकळं सोडतं. एका वेळी किती माल मागवायचा याचा फॉर्म्युला फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच दिला होता. त्या खर्चाचा ग्राफ तळाशी इतका सपाट असतो की तुम्ही बरोबर आकड्याच्या दुप्पट मागवलंत तरी ऑर्डर आणि साठवणीचा खर्च २५ टक्केच वाढतो, आणि २० टक्के जास्त मागवलंत तर २ टक्केसुद्धा नाही. उलट जिथे आपल्याला सोपं वाटतं तिथे ते पकडतं. १०० वेळांपैकी ९५ वेळा माल पुरला पाहिजे ऐवजी ९९ वेळा पुरला पाहिजे म्हटलं, की नेहमीच्या हिशोबाने सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी जास्तीचा ठेवलेला माल, साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. वरच्या चार पायऱ्या एवढ्या महाग.

आणि शॅडो प्राइस. मॉडेल, म्हणजे गणितात मांडलेला प्रश्न, सुटलं की सॉल्व्हर प्रत्येक मर्यादेपुढे एक आकडा देतो, ही मर्यादा एका युनिटने सैल केली तर किती फायदा होईल याचा. एखादा विद्यार्थी महिनाभर गाड्या कमी पडतायत म्हणून मॉडेल बांधतो, रन करतो, आणि गाड्यांपुढे आकडा येतो शून्य. म्हणजे अजून एक गाडी फुकट दिली तरी काही फरक पडणार नाही, कारण अडलंय दुसरीकडेच, माल चढवायच्या दारांवर.

(पडद्यावर: गोदामाचं यार्ड. उभे ट्रक. हातात पॅड घेतलेला विद्यार्थी.)

म्हणून शेवटच्या वर्षी मुलांना प्रोजेक्टसाठी बाहेर पाठवतात, आणि पाठवलंच पाहिजे. ह्या यार्डात जागा पुरत नाही ही तक्रार आहे, यार्ड वाढवायचं म्हणतायत. विद्यार्थ्याने आल्या आल्या यार्ड मोजलं नाही, त्याने पॅडवर कॉलम आखले. गेटवर आली कधी, दाराला लागली कधी, उतरवायला सुरुवात, उतरवून संपलं, गेटबाहेर गेली. दोन तासांत लक्षात आलं की माल उतरतोय भराभर, पण नंतर गाडी हलत नाही. का? ड्रायव्हर म्हणाला, कागदावर सही व्हायचीये. म्हणून मग त्याने उतरवून संपलं आणि गेटबाहेर या दोघांच्या मध्ये, जागा नव्हती तरी, पेनने आणखी एक बारीक रिकामा कॉलम आखला, कागद.

इथे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम लागतो. आत सरासरी किती गाड्या असणार? तासाला किती येतात गुणिले प्रत्येक किती वेळ थांबते. समजा तासाला ६ येतात आणि दीड तास थांबतात, तर आत ९ गाड्या. यातला अर्धा तास जर कागदाचा असेल आणि तो वाचला, तर आत ६ गाड्या. तेवढ्याच गाड्या, तेवढाच माल, तीच दारं.

संध्याकाळपर्यंत तो बारीक कॉलम भरलाय, अक्षर दाटीवाटीचं. उद्या त्याला सही करणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर बसायचंय, त्यांच्या टेबलावरून काय दिसतं ते बघायला.