तरवडाचे कान

फुलावरून झाड ओळखायची सवय तरवडाच्या बाबतीत जरा बाजूला ठेवा. टाकळा, कासविंदा, कासोद, बहावा या सगळ्यांना पाच पाकळ्यांचं पिवळं फूल येतं. फोटोत नुसतं फूल पाहिलं तर जाणकारही फसतो. त्यात नावांचा घोळ. टाकळ्याला पुष्कळ ठिकाणी तरोटा म्हणतात, आणि तरोटा-तरवड ही नावं घाईत एकच ऐकू येतात. पण टाकळा पावसाळ्यात उगवून वाळून जाणारं रोप आहे. तरवड वर्षानुवर्षं उभं राहणारं, कंबरेपासून डोक्यापर्यंत वाढणारं, दालचिनीच्या रंगाच्या गुळगुळीत सालीचं झुडूप आहे.

मग बघायचं कुठे? पानाच्या देठाशी. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरव्या, गोलसर, रुंद पाळ्या असतात. त्यांना उपपर्ण म्हणतात. बहुतेक झाडांची उपपर्णं बारीक असतात आणि लवकर गळून जातात. तरवडाची चांगली ठसठशीत असतात आणि पान असेपर्यंत टिकतात. आकार थेट कानाच्या पाळीसारखा. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या झाडाला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं ते यावरूनच. पुढे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सेना या प्रजातीत नेलं, म्हणजे नाव झालं सेना ऑरिक्युलाटा. हे नाव त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापून आलं. तरीही पुढची दीडशे वर्षं पुस्तकांतून कॅसियाच चालत राहिलं. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मूळच्या अवाढव्य कॅसियाचे तीन भाग केले आणि तरवड पुन्हा सेनामध्ये गेला. बहावा मात्र कॅसियातच राहिला. जुनी पुस्तकं चाळताना दोन्ही नावं भेटतील, गोंधळू नका. कान दोन्ही नावांत आहेत.

पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच दांड्यावर छोट्या पानांच्या, पर्णिकांच्या, साधारण आठ ते बारा जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. जोड्यांच्या मधोमध मधल्या दांड्यावर बारीक, उभ्या ग्रंथी दिसतात. त्यासाठी भिंग असेल तर बरं.

आता फुलाकडे वळू, कारण ते टाळण्यासारखं नाही. पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या, आत नारिंगी शिरा. पुंकेसर दहा, पण वरचे तीन वांझ. त्यांत पराग तयारच होत नाहीत. उरलेल्यांत खालचे लांब आणि वाकलेले. या फुलात मध नसतो. कीटकाला द्यायला आहेत ते फक्त पराग, आणि तेही सहजी मिळत नाहीत. परागकोश उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मिठाच्या बरणीसारखं म्हणा, हलवल्याशिवाय काही पडत नाही. भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्यासरशी पराग उडतात. कान देऊन ऐकलंत तर ही गुणगुण उडताना होणाऱ्या आवाजापेक्षा वेगळी, चढ्या पट्टीतली असते. मला स्वतःला तरवडाच्या फुलापेक्षा हा आवाजच जास्त आवडतो.

शेंग चपटी, कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी. दोन बियांच्या मधे ती दबलेली असते, त्यामुळे शेंगेवर लाटा उठल्यासारख्या वाटतात. फुलं नसतानाही झुडूप ओळखायला ही शेंग पुरते.

शेंगा आहेत म्हणजे मुळांवर गाठी असणार आणि जमिनीत नत्र साठणार, असा प्रश्न नेहमी येतो. शेंगवर्गीय कुळाची ती ख्याती आहे खरी, पण सेना प्रजातीच्या झाडांत सहसा गाठी होत नाहीत. तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून गाडतात, तो भाग वेगळा.

हे झुडूप मूळचं भारत, श्रीलंका आणि म्यानमारचं. त्यातही ते कोरडा भाग धरून राहतं. राजस्थान-गुजरातपासून मध्य भारत, दख्खनचं पठार, तेलंगण, तमिळनाडू, आणि समुद्र ओलांडून श्रीलंकेचा कोरडा पट्टा. सह्याद्री उतरून कोकणातल्या धो धो पावसात गेलात की ते विरळ होतं. उलट घाटमाथा सोडून पूर्वेला, सोलापूरच्या बाजूला निघालात की मुरमाड माळ, रस्त्याची कड, पडीक रान, सगळीकडे तरवड. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराईने उघड्या पडलेल्या माळावर बाकी सगळं संपलं तरी तरवड पिवळा फुललेला असतो. माळ समृद्ध आहे असं त्यावरून समजू नका. बऱ्याचदा नेमकं उलटं असतं.

पसरट मुलखात राहिल्यामुळे नावंही भरपूर: तेलुगूत तंगेडू, तमिळमध्ये आवारम, सिंहलीत रणवरा. तंगेडू हे तेलंगणाचं राज्यफूल आहे, आणि बतुकम्मा या तिथल्या सणाच्या फुलांच्या उतरंडीत ते लागतंच. श्रीलंकेत वाळलेल्या फुलांचा चहा करतात.

सालीत टॅनिन भरपूर असल्यामुळे ती कातडं कमावायला वापरत. दक्षिणेतला मोठा चर्मोद्योग बराच काळ या सालीवर चालला. पुढे बाभळीच्या नात्यातल्या वॅटल या झाडाची साल आणि अर्क दक्षिण आफ्रिकेतून येऊ लागले आणि माळावरच्या तरवडाची मागणी घसरली.

आता ही फांदी मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. फुलं कोमेजली आहेत, हरकत नाही. देठाशी बोट फिरवून बघा, आणि कान सापडला नाही तर हात वर करा.