सॉर्टेक्स काय पाहतं आणि काय उडवतं

मंडळी, किराणा दुकानात तूरडाळीच्या पोत्यावर 'सॉर्टेक्स क्लीन' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. गिऱ्हाईक ते वाचतं, थोडे जास्त पैसे मोजतं आणि धरून चालतं की डाळ चांगली आहे. सॉर्टेक्स म्हणजे दाणे कॅमेऱ्याने पाहून डागी दाणे हवेने उडवणारं यंत्र, आणि त्याच्या शिक्क्याचा खरा अर्थ फार मर्यादित आहे. या पोत्यातले दाणे प्रकाशात एकमेकांसारखे दिसले, एवढंच तो सांगतो. डाळ चवीला कशी, शिजायला किती वेळ घेईल, यातलं यंत्राला काडीचंही कळत नाही. त्याला काय कळतं, तेवढंच आज सांगणार आहे.

इतिहास दोन वाक्यांत उरकतो. प्रकाशावर धान्य निवडायची यंत्रं 1930च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये घेवड्याच्या दाण्यांसाठी सुरू झाली, आणि 1947 मध्ये लंडनमध्ये सॉर्टेक्स नावाची कंपनी निघाली. ती पुढे स्वित्झर्लंडच्या ब्यूलर कंपनीकडे गेली. पण लातूर-अकोल्याच्या डाळमिलमध्ये यंत्र जपानी असो, चिनी असो की आपल्याकडचं, त्याला सगळे सॉर्टेक्सच म्हणतात.

हे यंत्र मिलच्या अगदी शेवटी असतं. त्याआधी चाळण्यांनी लहानमोठं वेगळं केलेलं असतं, डिस्टोनरने वजनावर खडे काढलेले असतात, पंख्याने फोलपट उडवलेलं असतं. म्हणजे आकार आणि वजन या दोन कसोट्या संपलेल्या असतात. उरते ती त्याच मापाची, त्याच वजनाची, पण डागाळलेली, करपलेली, हिरवट किंवा टरफल चिकटून राहिलेली डाळ. पूर्वी ती निवडायला बायका ओळीने बसायच्या. काजू आणि शेंगदाण्याच्या कारखान्यांत त्या आजही दिसतात.

आता वेगाचा हिशेब करू. तुरीच्या 100 दाण्यांचं वजन साधारण 10 ग्रॅम. टरफल काढून दोन फाकी केल्या की एक फाक सुमारे 40 मिलिग्रॅमची. म्हणजे एका टनात अडीच कोटी फाकी. ताशी 3 टन माल घेणाऱ्या यंत्रासमोरून सेकंदाला वीस हजारांवर फाकी जातात, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा लावायचा असतो.

वर हॉपर, म्हणजे माल ओतायची टाकी, त्याखाली माल पुढे सारणारा थरथरणारा फीडर, आणि त्याखाली उभट उतरण, म्हणजे चूट. चूटवरून घसरताना डाळीचा एकपदरी पडदा तयार होतो आणि खालच्या कडेवरून तो मोकळ्या हवेत सुटतो. तिथे समोरून आणि मागून, दोन्ही बाजूंनी कॅमेरे रोखलेले असतात. हे कॅमेरे आपल्या फोनसारखे अख्खा फोटो काढत नाहीत. ते केसाएवढी बारीक आडवी रेघ पाहतात, सेकंदाला हजारो वेळा. दाणा त्या रेघेतून पडत जातो आणि त्याचं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी जुळत जातं.

इथे एक युक्ती आहे, आणि माझ्या मते या यंत्रातली सगळ्यात देखणी कल्पना तीच. कॅमेऱ्यासमोर दाण्यांच्या पलीकडे एक पट्टी असते, तिला बॅकग्राउंड म्हणतात. तिची उजळ-अंधुक छटा चांगल्या डाळीच्या सरासरी छटेशी जुळवलेली असते. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून उभा राहिलेला माणूस जसा लांबून उमटत नाही, तशी चांगली डाळ कॅमेऱ्याला दिसतच नाही. दोन दाण्यांमधली फट आणि चांगला दाणा त्याला सारखेच. त्यामुळे दाणा लहान की मोठा, सरळ पडतोय की आडवा, हा प्रश्नच मिटतो. रेघेत काही गडद झालं की डाग, काही जास्त उजळ झालं की वेगळा दाणा किंवा गारेचा खडा. कॅमेऱ्यामागच्या संगणकाची ताकद अगदी तुटपुंजी होती त्या काळात या एका पट्टीने निम्मं काम हलकं केलं. आजचे कॅमेरे लाल, हिरवा, निळा असे रंग सुटे मोजतात, पण पट्टी जुळवणं अजून सुटलेलं नाही.

दोष दिसला की पुढचं काम हवेचं. रेघेच्या थोडं खाली इजेक्टरच्या बारीक तोंडांची रांग असते. दोषी दाणा तिथे पोचला की त्याच्यासमोरचं तोंड एक-दोन मिलिसेकंद उघडतं, दाबाची हवा फटकन सुटते आणि दाणा पलीकडच्या कप्प्यात जातो. चांगला माल सरळ खाली.

लोकांना वाटतं, अवघड काम कॅमेऱ्याचं. मी म्हणेन, अवघड काम वेळ साधण्याचं. समजा दाणा सेकंदाला 3 मीटर वेगाने पडतोय आणि कॅमेऱ्याची रेघ ते इजेक्टर हे अंतर 6 सेंटिमीटर आहे. म्हणजे दाणा दिसल्यावर बरोबर 20 मिलिसेकंदांनी हवा सोडायची. आता चूटवर डाळीची पावडर चिकटली आणि वेग दहा टक्क्यांनी घसरला. 20 मिलिसेकंदांत दाणा 5.4 सेंटिमीटरच खाली आला, म्हणजे 6 मिलिमीटर मागे राहिला. तुरीची फाक तेवढीच असते! फुंकर बसते पुढच्या निरपराध दाण्याला, आणि डागी फाक आरामात चांगल्या मालात उतरते. 'कॅमेरा गेला' म्हणून मिलमधून फोन येतो, तेव्हा मी आधी विचारतो, चूट आणि कॅमेऱ्यापुढची काच कधी पुसली? तेलपाणी लावून चमकवलेली डाळ असेल तर हा त्रास जास्त. तसंच कॉम्प्रेसरच्या हवेत ओल राहिली, तर इजेक्टर अडकायला लागतात.

आता पैशाचा भाग. फुंकर एका दाण्यापुरती कधीच बसत नाही, शेजारचे एखाद-दोन सोबत जातात. टनात 1 टक्का डागी माल धरला तर 10 किलो काढायचा आहे. प्रत्येक डागी फाकेबरोबर दोन चांगल्या गेल्या, तर 20 किलो चांगली डाळ गेली. रोज 50 टनांची मिल असेल तर दिवसाला दहा क्विंटल! म्हणून रिजेक्ट झालेला माल यंत्राच्याच एका कोपऱ्यातून पुन्हा फिरवतात. तिथे फीड, म्हणजे आत सोडायचा माल, विरळ ठेवता येतं, शेजारी कमी असतात, आणि बरीच चांगली डाळ परत मिळते.

तरी शेवटी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक दोष पकडायचा ते, किती ठेवायची, हे माणूसच ठरवतो. ती वाढवली तर माल एकसारखा दिसतो आणि उतारा, म्हणजे हाती येणारा चांगला माल, घटतो. कमी केली तर उलट. चांगला ऑपरेटर पडद्यावरच्या आकड्यांवर विसंबत नाही. रिजेक्टच्या तोंडाखाली ओंजळ धरतो, ट्रेमध्ये पसरतो, चांगल्या-वाईट फाकी बोटाने बाजूला सारून मोजतो, मग चांगल्या मालाच्या तोंडाखाली तेच करतो. डाळीच्या प्रतीप्रमाणे सेटिंग बदलते: फटका डाळीची वेगळी, सवा नंबरची वेगळी. अवकाळीत भिजलेली तूर आली की सगळी सेटिंग मोडते, कारण डागी माल 1 टक्क्यावरून 5 वर गेला की प्रत्येक फुंकर महाग पडते. अशा वेळी फीड कमी करणं हाच उपाय, आणि तो मालकाला आवडत नाही. यंत्रात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, असं विक्रेते सांगतात. आकार ओळखायला तिचा उपयोग होतो, हे खरं. पण किती डाळ फेकायची हा निर्णय ती तुमच्या वतीने घेत नाही.

काही गोष्टी रंगावरून कळतच नाहीत. तांदळातला पांढरा गारगोटीचा खडा, काच, दुधाळ प्लास्टिक. तिथे इन्फ्रारेड कॅमेरे लागतात. धान्यात ओलावा असतो आणि पाणी 1450 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषून घेतं. खडा घेत नाही. उजेडात जुळी वाटणारी दोन कणं तिथे एक गडद, एक उजळ दिसतात. साध्या कॅमेऱ्याचं सिलिकॉन 1100 नॅनोमीटरच्या पुढे आंधळं असतं, म्हणून वेगळ्या पदार्थाचा सेन्सर वापरावा लागतो आणि यंत्राची किंमत चढते.

उलट गंमतही ऐका. फोर्टिफाइड, म्हणजे पोषण वाढवलेल्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 असलेले दाणे किलोमागे 10 ग्रॅम मिसळतात. तांदळाच्या पिठापासून बनवलेले ते दाणे जरा वेगळे दिसतात, म्हणून ते मिसळण्याचं काम सॉर्टेक्सच्या पुढच्या टप्प्यावर ठेवावं लागतं. आधी मिसळले, तर पोषणच रिजेक्टच्या पोत्यात जाईल. घरीही लोक 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून नेमके तेच दाणे वेचून टाकतात.

मात्र शेंगदाण्यात रंगाची खरंच जिवाशी गाठ आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली, ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. तिच्यातल्या बुरशीच्या विषाला आपण अफ्लाटॉक्सिन म्हणतो. हे विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं, थोड्या दाण्यांत भरपूर साठलेलं असतं, आणि त्यातले बरेच दाणे रंग बदलतात. म्हणजे सॉर्टेक्सच्या हातचं काम. फक्त लाल साल आधी काढावी लागते, नाहीतर डाग तिच्याखाली लपतो. युरोपच्या नियमात याची सोयच आहे: थेट खायच्या शेंगदाण्यात किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन चालतं, पण खाण्याआधी निवडणी होणार असेल तर 15 पर्यंत. रंग न बदलता विषारी झालेला दाणा मात्र कॅमेऱ्यातून सुटतो, त्यामुळे प्रयोगशाळेतली तपासणी टळत नाही.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली, 'फेकलेला माल जातो कुठे?' डाळीचं सोपं आहे. तो हलक्या प्रतीत विकला जातो किंवा चुनीबरोबर, म्हणजे डाळीच्या चुऱ्याबरोबर, जनावरांच्या खाद्यात जातो. डागाळलेला शेंगदाणा जातो तेलाला. गाळपात विष बहुतांशी पेंडीत राहतं, पेंड खाते गाय, आणि गाईच्या शरीरातून ते अफ्लाटॉक्सिन एम-1 या रूपात दुधात उतरतं. दुधासाठी आपल्याकडे किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे ती त्यासाठीच. म्हणून शेंगदाण्याच्या कारखान्यात गेलात, तर चांगल्या मालाचे नमुने सगळेच दाखवतील. तुम्ही रिजेक्टच्या पोत्यांची नोंदवही मागा, कोणी नेली आणि कशासाठी नेली ते त्यात लिहिलेलं आहे का, हे बघा.